विरजण मागायला माणूस येतो

एक वाटी डोळ्यांसमोर आणा. स्टीलची, काठाला जराशी चेपलेली. तिच्यात कोमट दूध आहे. त्यात चमचाभर दही घाला, ढवळा, झाकण ठेवा आणि वाटी चुलीजवळ उबेला सारून द्या. सकाळी काय होईल ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या चमचाभर दह्यानं अख्ख्या वाटीला आपल्यासारखं करून टाकलेलं असेल.

आता कल्पना थोडी ताणा. वाटीच्या जागी काचेची बरणी ठेवा, चांगली घागरीएवढी. दुधाच्या जागी कोमट गुलाबी पाणी भरा. आणि विरजण म्हणून घाला एका माणसाच्या दंडावरची कातडी, तुरीच्या डाळीएवढी. दही एका रात्रीत लागतं, या बरणीला तीन महिने लागतात. तीन महिन्यांनी झाकण उघडलं तर आत काय दिसेल? किडनी. पोटात पाठीच्या बाजूला असते ना, रक्त गाळून घाण लघवीवाटे बाहेर टाकणारी, ती. नवीकोरी.

जमलं का डोळ्यांसमोर आणायला? नसेल जमलं तर घाई नाही. पुढं एक मुलगी भेटेल, ती तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते.

या गोष्टीतल्या बुलढाण्यात अशा बरण्यांचं एक केंद्र होतं. त्याचं खरं नाव एवढं लांब होतं की पाटीवरसुद्धा दोन ओळींत मावत नसे. लोक त्याला विरजणघर म्हणत. हळूहळू तिथले डॉक्टरही विरजणघरच म्हणू लागले. एके दिवशी तिथून देऊळघाटच्या पंजाबरावांना फोन आला.

पंजाबराव तेव्हा घराच्या ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. साठी ओलांडलेला माणूस, शेतीत मुरलेला, बोलायला मोकळा, पण एकदा अडला की अडला.

"पंजाबराव काका का? मी डॉक्टर सारिका, विरजणघरातून. तुमचे भाऊ भागवतराव आमच्याकडे आहेत."

पंजाबरावांच्या हातातली शेंग हातातच राहिली. भागवत त्यांचा जुळा भाऊ. सात वर्षांचे असताना घाटाखालची मावशी आली होती, नांदुऱ्याकडची. तिला मूलबाळ नव्हतं. दोघांपैकी एकाला दत्तक द्यायचं ठरलं होतं आणि दोघं इतके सारखे दिसत की निवडायचं काय? मावशीनं जवळ उभा होता त्याचा हात धरला. तो भागवत निघाला. तो घाटाखाली गेला, पंजाबराव घाटावर राहिले. घाटावरच्या विहिरींना गोड पाणी. घाटाखाली, नांदुऱ्याच्या बाजूला, जमिनीतूनच खारट पाणी येतं. त्या पाण्यात चहा टाकला तर दूध फाटतं. भागवत ते पाणी जन्मभर प्याला.

"दोन्ही किडन्या गेल्यात त्यांच्या," डॉक्टर सांगत होती. "त्यांचं स्वतःचं विरजण आम्ही दोनदा लावून पाहिलं. लागत नाही, फाटतं. दुसऱ्या कुणाचं लावलं तर त्यांचं शरीर ते परकं म्हणून फेकून देईल. पण तुम्ही जुळे आहात. तुमचं त्यांना परकं वाटणार नाही. द्याल का?"

"किती कातडी लागते?"

"डाळीएवढी."

"दुखते का?"

"मुंगी चावल्यासारखं."

पंजाबरावांनी मनात तेव्हाच हो म्हटलं होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. त्यांना कातडीचं काही नव्हतं. दंड मागितला असता तरी दिला असता. पण त्यांनी विचारलं, "फोन करायले भागवतनं सांगतलं का?"

"हो, नंबर त्यांनीच दिला."

"नंबर देल्ला. बरं." पंजाबरावांनी हातातली शेंग खाली ठेवली. "डॉक्टरीणबाई, विरजण मागायले माणूस येते. फोन येत नाई. त्याले म्हणा, ये."

डॉक्टर सारिका काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. तिच्याकडे नियम असा होता की देणाऱ्यावर दबाव टाकायचा नाही. एकदा विचारायचं आणि त्याच्या मनानं होईल तेव्हा होऊ द्यायचं. तिनं नियम पाळला. निरोप मात्र तिनं शब्दाला शब्द भागवतरावांना सांगितला.

आता पंजाबराव जे बोलले त्याचा अर्थ देऊळघाटात लहान पोरालाही कळला असता. तिथं कुणाच्या घरचं विरजण संपलं की घरातली बाई नाहीतर लेकरू वाटी घेऊन शेजारी जातं. शेजारीण कधी नाही म्हणत नाही. भांडण असलं तरी म्हणत नाही. पण वाटी घेऊन दारात जावं लागतं. लांबून ओरडून कुणी विरजण मागत नाही. पंजाबरावांना वाटलं, भावानं एवढं तरी करावं. घाट चढून यावं, दारात उभं राहावं, बाकी काही बोलू नये.

आणि भागवत? तो म्हणाला, "लग्नाचं आवतण जसं मोबाइलवर आलं, तसंच विरजणाचं बोलावणं मोबाइलवर गेलं. फिट्टंफाट झाली." आणि कूस बदलून झोपला.

हे लग्न म्हणजे पंजाबरावांच्या मुलीचं, पुष्पांजलीचं. आमच्याकडे आवतण द्यायला घरचा माणूस कुंकू-तांदूळ घेऊन दारात जातो. त्या वर्षी पंजाबरावांची धावपळ फार झाली आणि सगळ्यांनाच पत्रिका मोबाइलवर गेल्या. त्यात भागवतलाही गेली. भागवत लग्नाला आला नाही. पंजाबरावांनी म्हटलं, सख्खा काका असून आला नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

फोननंतर पंजाबराव रोज सकाळी दाढी करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसू लागले. तोंड एस.टी. थांबते त्या बाजूला. बस आली की मान उंचावायची, गेली की शेंगा सोलायच्या.

"कोण्या नवरदेवाची वाट पाहून राह्यले?" त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी विचारलं.

"कोणाची नाई. बसलो असाच."

"असं बसाले पांढरा शर्ट लागते का? अवो, जाऊन या ना. डाळीएवढी कातडी त हाय."

"कातडीचं काही नाई."

"मंग काह्यचं हाय?"

पंजाबरावांनी एक शेंग उगाच दोनदा सोलली.

आशाबाई रोज दुपारी चहात कपभर पाणी जास्तीचं टाकत. न जाणो, आलाच कुणी तर. संध्याकाळी तो उरलेला चहा म्हशीच्या आंबोणात जाई. कुणी आलं नाही. शेंगा ओल्या होत्या त्या वाळल्या. तुरीची कापणी झाली, मळणी झाली. तूर भिजली, उन्हात पडली, जात्यातून निघाली आणि डब्यात डाळ होऊन बसली. एवढ्या दिवसांत घाटाखालून एकही माणूस आला नाही.

पंजाबरावांची नात छकुली तेव्हा पाचवीत होती. प्रश्न विचारायची तिला इतकी खोड की मास्तर हजेरी घेतानाही तिच्या नावाला जरा दबकत. एका संध्याकाळी ती शेजारून वाटीत विरजण घेऊन आली.

"पाह्य," पंजाबराव आशाबाईंना म्हणाले, "पोट्टी गेली, वाटी धरली, घेऊन आली. एवढंच त असते. याच्यात काय कोणाची इज्जत जाते?"

छकुली वाटी सांभाळत उभी राहिली. "आबा, भागवत आबाले चालता येते का?"

"काऊन?"

"किडन्या गेल्या का रक्त धुवाच्या मशीनवर ठेवते म्हणे. मशीन घेऊन एस.टी.त कसं बसतीन?"

"तो नाई त त्याच्या घरचं कोणी येईन."

"आबा, पुष्पाआत्याच्या लग्नात तुमी गेल्ते का त्यायले आवतण द्याले?"

"पत्रिका पाठवली होती मोबाइलवर."

"म्हंजे नाई गेल्ते."

"अवं पण तवा सगळ्यायलेच..."

"म्हंजे आधी तुमीच फोन केला," छकुली म्हणाली. तिच्या आवाजात खोचक काही नव्हतं. गणितात हातचा कुठं राहिला ते दाखवतात, तसं तिनं दाखवलं आणि वाटी आत ठेवायला निघून गेली.

पंजाबराव त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते बुलढाण्याला गेले. छकुली हट्टानं बरोबर आली.

विरजणघरात एका मोठ्या खोलीत रक्त धुणाऱ्या मशीनला जोडलेला भागवत खुर्चीत पडला होता. पंजाबराव दारातच थबकले. आपलाच चेहरा, पण कुणीतरी राखेत घोळल्यासारखा. पाय सुजलेले. मनगटावर नळ्या.

भागवतनं डोळे उघडले.

"काऊन बे पंज्या, फोनवर आला का खरा आला?"

"खरा आलो. हात लावून पाह्य."

भागवतनं खरंच हात लावून पाहिला. "शेवटी तुलेच येणं पडलं. लहान भावानंच याले पायजे. मी मोठा हावो."

"अर्ध्या तासानं कोणी मोठा होते का? अन् पोत्यात जे आधी भरते ते मागून निघते. म्हंजे मीच मोठा."

"साठ वर्षं झाले, हेच पोतं घेऊन फिरून राह्यला," भागवत म्हणाला आणि हसता हसता त्याला खोकला आला. खोकला लवकर थांबला नाही. डॉक्टर सारिकानं येऊन त्याला सरळ बसवलं. मग ती पंजाबरावांकडे वळली आणि काहीच विचारलं नाही, फक्त बाही वर करायला सांगितली.

मुंगी चावल्यासारखंही झालं नाही.

बरणीत काय-काय होतं ते छकुलीनं डॉक्टरांकडून खणून खणून काढलं. तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणसाच्या कातडीत बारीक बारीक पेशी असतात. शरीर म्हणजे भिंत धरली तर पेशी म्हणजे विटा. या विटा मोठ्या होऊन कातडी झालेल्या असतात. विरजणघरात त्यांना धुऊन पुन्हा तान्हं बाळ करतात. तान्ह्या पेशीला काहीही होता येतं. पण किडनी हो म्हटलं तर तिला कसं कळणार, किडनी कशी असते? म्हणून साचा लागतो. साचा बोकडाच्या किडनीचा.

"बोकडाचा?" छकुली किंचाळली.

"घाबरू नको. ती किडनी आम्ही इतकी धुतो की तिच्यातला सगळा बोकड निघून जातो," डॉक्टर सारिका म्हणाली. ती लोणारची होती. "नुसती पांढरी जाळी उरते. आणि धुवायचा साबण कुठून येतो माहीत आहे? आमच्या लोणारच्या तळ्यातून. त्या खाऱ्या पाण्यात जे बारीक जीव राहतात, ते तो बनवतात."

"म्हणजे खाऱ्या पाण्यानं किडनी जाते अन् खाऱ्या पाण्यानंच येते?"

डॉक्टर सारिका म्हणाली, "मोठी झालीस की इथं ये कामाला."

त्या पांढऱ्या जाळीवर पंजाबरावांच्या पेशी सोडल्या. आणि विरजण लागलं. दर गुरुवारी पंजाबराव बसनं जाऊ लागले. भागवतचं मशीन झालं की दोघं भाऊ बरणीसमोरच्या बाकावर बसत. आधी पाण्यात नुसतं पांढरं फडकं तरंगताना दिसे. मग त्यावर गुलाबी झाक आली. मग लाल शिरा उमटल्या, आंब्याच्या कोवळ्या पानावर उमटतात तशा. बरणीला एक पंप होता, तो आतल्या पाण्याला नाडीसारखे ठोके देई. डॉक्टरांनी भागवतची नाडी मोजून पंप तसाच लावला होता, म्हणजे आतल्या किडनीला त्या नाडीची सवय व्हावी.

"तुही नाडी शिकून राह्यली ते," पंजाबराव म्हणाले.

"मही नाडी, तुही कातडी," भागवत म्हणाला. "मायले दोनच झाले होते. हे पाह्य, तिसरं जुळं."

दोघंही हसले. त्या बाकावर त्यांचं फारसं बोलणं होत नसे. गेलेल्या वर्षांचा विषय दोघांनीही काढला नाही. त्या विषयाला पुढं पुष्कळ वेळ आहे, असं पंजाबरावांना वाटत होतं.

भागवतला एकच आस होती. किडन्या गेलेल्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं, कारण प्यालेलं बाहेर निघत नाही. उन्हाळा वाढत होता आणि तो दिवसभर ओठांवरून ओला रुमाल फिरवी. "हे बसवली ना पोटात," बरणीकडे बोट करून तो म्हणे, "का पयले देऊळघाटले येतो. आपल्या हिरीचं पाणी तांब्यानं पेतो. कोणाले न इचारता. तू फक्त दोर धर."

"धरतो ना."

ऑपरेशनचा दिवस ठरला. पंजाबरावांनी विहिरीचा गाळ काढून घेतला. नवा दोर आणला.

तो दिवस यायच्या आधीच भागवतचं हृदय बंद पडलं. घरी, पहाटेच्या झोपेत. बरणीतली किडनी तयार होती. चार-सहा दिवसांचाच प्रश्न होता.

डॉक्टर सारिकानं नंतर समजावून सांगितलं. किडन्या नसल्या की अंगात पाणी साचतं, आणि ते सगळं ओझं ढकलत राहावं लागतं हृदयाला. ते थकत जातं. "थोडं आधी लागलं असतं विरजण, तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. पंजाबरावांनी ते मनात पुरं केलं. तुरीच्या ओल्या शेंगेची डाळ व्हायला जेवढे दिवस लागले, त्यातलेच चार-सहा दिवस कमी पडले होते.

ते विहिरीचं पाणी घेऊन घाटाखाली गेले. शेवटचं पाणी तोंडात घालताना त्यांनी तेच घातलं. भागवतचे ओठ मिटलेले होते. पाणी गालावरून ओघळून गेलं. भागवतची बायको अन्नपूर्णाबाई शेजारीच बसली होती. तिनं पंजाबरावांकडे एकदाही पाहिलं नाही. सगळे दिवस-वार झाले, तरी ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. पंजाबरावांनाही तिच्या तोंडून काही ऐकायची हिंमत नव्हती. ते गुपचूप घरी आले.

आणि बरणी? ती तशीच होती. पंप भागवतच्या नाडीनं ठोके देत होता.

डॉक्टर सारिकानं पंजाबरावांना बोलावून घेतलं. "काका, ही किडनी आता जगात एकाच माणसाला बसेल. तुम्हाला. आणि तुमच्या दोन्ही ठणठणीत आहेत."

पंजाबरावांनी बरणीच्या काचेवर हात टेकला.

"पण एक होऊ शकतं," ती म्हणाली. "घाटाखाली असे पुष्कळ लोक आहेत, ज्यांचं विरजण भागवतरावांसारखंच लागत नाही. खाऱ्या पाण्यानं त्यांच्या पेशी थकून गेल्यात. पण अशा थकलेल्या पेशींना जर शेजारी ताज्या पेशींची सोबत मिळाली, तर त्या धरतात. एकदा धरल्या की शेजारच्या आम्ही धुऊन काढतो. ही किडनी मोडली तर तिच्यातून पुष्कळ जणांना सोबतीचं विरजण देता येईल. मात्र बरणीत ती आता फार दिवस राहणार नाही. महिनाअखेरपर्यंत, बस."

"मोडून टाका. मही हो हाय."

"तुमची एकट्याची चालत नाही. विरजण तुमचं, पण लावलं त्यांच्यासाठी. दोन्ही घरांची हो लागते. मी अन्नपूर्णा काकूंना फोन करते."

"फोन?" पंजाबराव एकदम उभे राहिले. "नाई. फोन नका करू. मी जातो."

म्हणाले खरे, पण जाणं होईना. आज शेतात काम निघे, उद्या म्हैस आजारी पडे. आशाबाईंनी एक दिवस त्यांची पिशवीच भरून दारात ठेवली. छकुलीची शाळा सुरू व्हायला अवकाश होता. ती म्हणाली, मीही येते, आणि स्वतःचं दप्तर रिकामं करून पाठीला लावलं. राजूर घाट उतरताना बस वळणावर कलली की तिच्या दप्तरात काहीतरी खणखण वाजे. पंजाबरावांनी विचारलं नाही. ते मनात वाक्यं जुळवत होते. वैनी, मी चुकलो. नको, तसं नको. वैनी, डॉक्टरीण म्हणते का... तसंही नको.

अन्नपूर्णाबाई दारातच होत्या, गहू निवडत. दोघांना पाहून त्या उठल्या. आत जाऊन दोन पेले पाणी आणलं. रीतीप्रमाणे. पंजाबरावांनी घोट घेतला. खारट होतं. कॅनचं गोड पाणी कोपऱ्यात दिसत होतं, पण पेल्यात बोअरचंच होतं. छकुलीनं तोंड वाकडं केलं आणि पेला खाली ठेवला. पंजाबरावांनी मात्र पेला तळापर्यंत रिकामा केला.

"चांगले हा ना भाऊजी?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. महिनाभरातला पहिला शब्द.

"हावो, वैनी."

"आशाबाई कशी हाय?"

"बरी हाय."

भिंतीवर भागवतचा फोटो होता. हार ताजा होता. पंजाबराव तिकडे पाहू शकले नाहीत, म्हणून त्यांनी खुंटीकडे पाहिलं. खुंटीला एक जुनी रेक्झिनची बॅग लटकत होती.

अन्नपूर्णाबाईंनी त्यांची नजर पाहिली. "ते बॅग वळखली का? तुमच्या पुष्पाच्या लग्नाची. आठ दिवस आधी भरून ठेवली होती त्यायनं. पोरीसाठी लुगडं घेतलं होतं नांदुऱ्याहून. म्या म्हटलं, अवो, मोबाइलवर पत्रिका आली ना, चला. त म्हणे, नाई, पंज्या सोता येईन. घाट उतरून येईन. मी वळखतो त्याले." त्या गहू चाळू लागल्या. "लग्न झालं त्या दिवशी बी बॅग भरेलच होती. लुगडं आजुन त्याच्यातच हाय."

पंजाबरावांच्या डोळ्यांपुढं आपला पांढरा शर्ट आला. आशाबाईंचा कपभर जास्तीचा चहा आला. दोघं भाऊ, एक घाटावर आणि एक घाटाखाली, सारख्याच चेहऱ्याचे, सारखेच दाराकडे तोंड करून बसलेले. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, वैनी, मी बी बसलो होतो. पण ते आता कुणाला सांगायचं? ज्याला सांगायचं तो फोटोत होता.

"काही काम होतं का भाऊजी?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

पंजाबरावांनी तोंड उघडलं. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. ज्या माणसाला भावासाठी वेळेवर घाट उतरता आला नाही, त्यानं आता त्याच्याच दारात येऊन मागायचं? आणि काय म्हणून मागायचं? त्यांनी मान हलवली. नाही, काही काम नाही.

"मंग जेवून जा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. पण त्या म्हणण्यात आग्रह नव्हता, आणि पंजाबरावांना ते कळलं. ते पिशवी उचलून उभे राहिले. पायात चप्पल घालू लागले. चप्पल सापडली, अंगठा काही केल्या तिच्यात जाईना.

छकुली उठली नाही. तिनं आधी पेला उचलला आणि डोळे मिटून उरलेलं खारं पाणी पिऊन टाकलं. मग दप्तर पुढं ओढलं. चेन उघडली. आतून एक वाटी काढली, स्टीलची, काठाला जराशी चेपलेली. फ्रॉकच्या घेरानं ती आतून नीट पुसली. पुढं होऊन ती अन्नपूर्णाबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि शेजारच्या दारात धरतात तशी दोन्ही हातांनी वाटी पुढं धरून म्हणाली,

"आजी, विरजण मागाले आली. आबाले मागता नाई येऊन राह्यलं, म्हून मी आली."

आणि कुणी काही बोलेपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत.